नमुना सही

आखातातल्या अल खोरच्या कॉलनीत मुलींना बेसबॉल शिकवणारे ओकाबे पूर्वी जपानचे नामांकित पिचर होते म्हणे. "मग स्वतः कधी चेंडू का टाकत नाहीत?" सामंतांना पटेना. ओकाबेंनी त्यांच्या लेकीला स्वतःच्या फोटोचं, सही केलेलं, शौकीन जमवतात तसलं कार्ड दिल्यावर संशय बळावला. "कार्ड कुणीही छापेल. सही जुळली नाही, तर उद्यापासून तुझा सराव खलास." सामंत गॅस प्लांटमधले इन्स्पेक्टर, सही पडताळल्याशिवाय नटबोल्टही स्वीकारत नसत. चहाला बोलावून त्यांनी ओकाबेंपुढे कोरा कागद सरकवला. ओकाबेंनी निमूट सही केली, वेडीवाकडी. "जुळत नाही," सामंत समाधानानं म्हणाले. "नाहीच जुळणार. कार्डावरची उजव्या हाताची. तोच निकामी झाला, खेळ सुटला. आता सगळं डाव्यानं." लेकीनं कार्ड वडिलांपुढे ठेवलं, कागद उचलला. "बाबा, तू ते तपासत बस. मला ही सही हवी."