क १७

"ऊठ तिथून. बुलडोझरवाला खोळंबलाय," दादा म्हणाला.

बहीण उठली नाही. शाळेच्या पायऱ्यांच्या कठड्यात बसवलेल्या पितळी चकतीपाशी ती छिन्नी चालवत होती. चकतीचा उजवा भाग सिमेंटखाली गेला होता. उरलेल्या भागावर 'क १७' स्वच्छ दिसत होतं. भाऊ-बहीण एकाच मोजणी खात्यात. तो साहेब, ती त्याच्या हाताखाली. या चकतीची उंची धरून त्याने समोरची गल्ली मोजली, ती पूररेषेच्या खाली निघाली. आज गल्ली पाडायची होती. पहिलं घर त्यांच्या आत्याचं.

"क म्हणजे नदीकाठची ओळ. सतरा म्हणजे तिच्यातली सतरावी चकती. उंची खात्याकडे आहे. अजून काय वाचायचंय तुला?"

"सतराच्या पुढचं."

"पुढे काही नसतं."

"हलवली असेल तर असतं! तूच शिकवलंस ना? नंबर तोच ठेवायचा, पुढे फ लावायचा. फेरबसवलेली. फ दिसला की जुनी उंची बाद."

"ही हलवलेली नाहीये."

"मग माझ्या कमरेला कशी लागते? आपण चकती जमिनीलगत बसवतो. कठडा नवा बांधला, चकती वर चढली आणि खात्याच्या नोंदीत उंची जुनीच राहिली."

"म्हणजे काय गं?" आत्याने विचारलं. ती दारात खुर्ची टाकून बसली होती, उठवणाऱ्याची वाट बघत.

"म्हणजे तुझं घर हा सांगतो तेवढं खाली नाही!"

"आत्या, मी इथे भाचा म्हणून आलेलो नाही," दादा म्हणाला.

"नकोच येऊस. भाच्याला चहा द्यावा लागतो."

गल्ली हसली. बुलडोझरवाल्याने यंत्र बंद केलं आणि मान बाहेर काढली. हातोडा जोरात पडू लागला. सरकारी गिलावा भिंतीला धरत नाही, पण अक्षरावर बसला की हटत नाही. शेवटी एक खपली उडाली. खाली एक अक्षर होतं. प.

"प," दादा मोठ्याने म्हणाला. "प म्हणजे पायरी. पायरीपाशी आहे, एवढंच सांगतो तो. झालं समाधान?"

एका म्हाताऱ्याने घरातून काढलेली गादी पुन्हा डोक्यावर घेतली.

बहिणीने बाटलीतलं पाणी चकतीवर ओतलं. पदराने पुसलं. मग छिन्नी बाजूला टाकून ती नखांनीच खरवडायला लागली. प च्या कान्याला उजवीकडे काहीतरी चिकटलेलं होतं. बोटांतून रक्त आलं. चिकटलेलं सुटलं. आतून पितळेत कोरलेली शेपटी वळली, गोल, ठसठशीत.

"फ!" ती किंचाळली. "फ आहे! दादा, वाच! मोठ्याने वाच!"

दादा वाकला. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"वाच की रे, मेल्या!" आत्या खुर्चीवर उभी राहिली.

"क सतरा फ," तो म्हणाला. आवाज फुटला नाही, पण ओठ सगळ्यांनी पाहिले.

गल्ली उसळली. म्हाताऱ्याने गादी रस्त्यातच टाकली आणि तिच्यावर बसून हसत सुटला. पोरींनी बहिणीला उचललं. बुलडोझरवाला टाळ्या वाजवत होता, त्याला आपण कोणाच्या बाजूचे याचं भान नव्हतं. आत्या ओरडली, "आता ये रे भाच्या, चहा पी!"

या गोंधळातून एक बाई पुढे आली. कडेवर मूल होतं. ती पलीकडच्या गल्लीतली. ती गल्ली गेल्या आठवड्यात सपाट झाली होती. तिने चकतीला हात लावून पाहिला, आधी फ ला, मग सतराला.

"साहेब," तिने दादाला विचारलं, "आमची गल्लीपण हिच्यावरूनच मोजली होती का हो?"

ती हळूच बोलली होती. पण यंत्र बंद होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.