आग्रहाची शिट्टी

वरच्या हॉलचे वाढपीप्रमुख धामणकर हरले. पण हे घडलंच नाही असं धरून चालू. ते स्वतःही तसंच धरून चालले आहेत.

मंगल कार्यालय एकच, हॉल दोन. वर धामणकरांची शिस्त: शिट्टी वाजली की मीठ, शिट्टी वाजली की भात, आणि वाढप्यांनी जेवायचं सगळ्यांत शेवटी. खालचा प्रमुख गुंजाळ आपल्या पोरांना पंगतीआधीच जेवू घालायचा. भरल्या पोटाची ती पोरं असा आग्रह करायची की वऱ्हाडी ताट सोडत नसत. वरची उपाशी पोरं मात्र पाहुणा ‘नको’ म्हणाला की खूश व्हायची. उरलेली जिलबी त्यांचीच.

पुढच्या मोसमात दोन्ही हॉल एकाच प्रमुखाकडे जाणार, असं मालकांनी सांगितलं. धामणकरांनी आग्रहासाठीही शिट्टी ठेवली. ती वाजताच सगळे वाढपी एका सुरात ‘घ्याच’ म्हणाले आणि नवरदेवाचे मामा दचकून उभे राहिले.

शेवटी गुंजाळचं गुपित हेरायला धामणकर खाली गेले. पोरं जेवत होती.

“बसा काका. हेरगिरी भरल्या पोटी करावी,” गुंजाळ म्हणाला.

“एकच वाढ.”

गुंजाळने चार जिलब्या वाढल्या. धामणकरांना आजवर कुणी आग्रहच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालकांकडे अर्ज पोचला: ‘दोन्ही हॉलचं प्रमुखपद मलाच द्यावं, आणि रोज पंगतीआधी अर्धा तास माझी गुंजाळच्या हाताखाली बदली करावी, ही नम्र विनंती.’