पेटीतली सिगार

नंदीशनं सिगार दोन बोटांत धरून हलकेच दाबत टोकापर्यंत नेली. कुठंच पोकळ नव्हती. नाकाशी धरली, मग समोरच्या मोबाईलकडं बघून तो नेहमीच्या आवाजात बोलायला लागला.

"नमस्कार मंडळी. आज आपल्याकडं आहे निकाराग्वाची एक जुनी, नावाजलेली सिगार..."

पुढचं वाक्य येईना. एरवी ते गुरुशांत बोलायचा.

गुरुशांत त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मालवाहू जहाजावर कामाला होता. बंदराबंदरातून सिगार आणायचा, आणि सुट्टीला सोलापुरात आला की दोघं ती ओढून बघायचे, कशी लागते ते मोबाईलवर लोकांना सांगायचे. दिवाळीनंतर एका वादळात तो डेकवरून समुद्रात गेला. सापडला नाही. पुढं कंपनीनं त्याची पेटी घरी पाठवली. तिच्यात कपड्यांच्या घडीत ही एकच सिगार निघाली.

"थांबलास का रे?" गिरिजाबाई म्हणाल्या. गुरुशांतची आई. त्यांनीच आज दुपारी नंदीशला बोलावून घेतलं होतं.

"काकू, खरंच पेटवू? तुम्हाला तर या वासाचा राग यायचा."

"तवा तो घरी येत हुता. तवा राग यायचा." त्या उठल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं, तरी त्यांनी पंखा बंद केला आणि खिडकी लावून घेतली. "पेटव. आन् मोबाईलवर सांगतोस तसं मला सांग. एवढी जपून कशापायी ठेवली हुती, कळू दे तरी."

नंदीशनं टोक कापलं. काडी पेटवून सिगार ज्योतीवर फिरवत राहिला. पहिला झुरका तोंडात घोळवला आणि सोडला.

"आधी मिरी. जिभेच्या शेंड्याला चरचरतंय." दुसरा झुरका. "आता माती."

"माती?"

"नांगरलेल्या रानाची. काळी, ओलसर." तिसरा झुरका. "आणि मागनं शेंगा. भाजताना तव्यावरच राहिल्या, जरा करपल्या, की कसा वास सुटतो? तसा."

गिरिजाबाईंनी पदर तोंडाशी नेला. "त्याला तशाच लागायच्या की रे. मी उतरवायला गेले की म्हणायचा, र्‍हाऊ दे अव्वा, अजून करपू दे."

नंदीश नुसताच ओढत राहिला. धूर खोलीत साचला, आतल्या दाराच्या फटीतून पलीकडं गेला.

आत खाट करकरली.

"गुरु, बंद्या?"

आलास का, असं आवाज कानडीत विचारत होता. बाप-लेक एकमेकांशी कानडीतच बोलायचे. पेटी आली त्या दिवसापासून गुरुशांतचे वडील तिप्पण्णा भिंतीकडं तोंड करून पडून होते. तेव्हापासून त्यांनी कुणाशी शब्द काढला नव्हता.

गिरिजाबाई थिजल्या. त्यांनी नंदीशकडं बघितलं आणि दोन्ही हात जोडले.

"बंद्या?" आवाज पुन्हा आला.

"बंदे, अप्पा," नंदीश म्हणाला. आलो. आपलाच आवाज त्याला ओळखू आला नाही.

अनवाणी पावलं फरशीवर घासत आली. दार उघडलं. तिप्पण्णा चौकट धरून उभे राहिले. दाढी वाढलेली, बंडीची गुंडी तुटलेली. नंदीश ताडकन उठला आणि सिगार पाठीमागं धरली.

"अप्पा, मी..."

"नंदीश हाइस. दिसतंय की मला."

"चुकलं अप्पा. विझवतो."

खुर्चीचा हात चाचपत तिप्पण्णा त्याच्यासमोर बसले. डोळे मिटून त्यांनी श्वास आत घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. गिरिजाबाई त्यांच्या खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसल्या.

तिप्पण्णांनी डोळे उघडले. "म्होरं घे हात. बघू दे."

नंदीशनं सिगार पुढं केली. राख लांब झाली होती, अजून पडली नव्हती. किती जळली, किती उरली, ते त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"अजून किती येळ चालंल?"

"अर्धा तास, अप्पा. फार तर."

तिप्पण्णांनी मान हलवली.

"सावकाश ओढ," ते म्हणाले.