लोकरीची घडी

मनस्वी इतकी शू करायची की तीन पदरी लंगोट घातला तरी गोधडी भिजायची आणि पोर गारठायची. शेवटी अंगणवाडीच्या ताईंनी तिच्या आईला, नमिताला, उपाय सांगितला, "लोकरीचं जुनं कापड पाण्यात चांगलं उकळ. ते आटून जाड झालं की तुकडे कापून त्यांची घडी लंगोटाखाली लाव. ओल बाहेर येत नाही."

निडी गावातल्या त्यांच्या घरात लोकरीची एकच वस्तू होती, नमिताच्या नवऱ्याचा, प्रविणचा स्वेटर. प्रविण बार्जवर कामाला होता. मनस्वी पोटात असतानाच वादळात बार्ज बुडाला आणि तो सापडलाच नाही. गावाने दिवस घाला म्हटलं, तेव्हा सासू सीताबाई लोकांच्या अंगावर धावून गेली होती. "माझा प्रविण येनार हाय. कुंकू पुसायचं नाय गो," असं तिने नमिताला बजावलं होतं. दर रविवारी ती स्वेटर उन्हात घालायची आणि झटकून परत पेटीत ठेवायची. त्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. नमिताने ताईंचं बोलणं घरी नुसतं सांगितलं आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी ती नळावरून पाणी घेऊन आली, तर सीताबाई चुलीपाशी बसली होती. पातेल्यात स्वेटर रटरटत होता.

"आई, अवो काढा तो! आटंल. ह्यांच्या अंगात परत जायचा नाय!"

सीताबाईने लाकडाने स्वेटर आणखी खाली दाबला.

 

"आता त्याला कशाला लागतोय गो."