पिक्चरमधी कसं काढलं

झुंबरबाई धावत सिनेमाच्या तंबूत शिरली तेव्हा चांदमल शेठ स्टुलावर उभा राहून पडद्याला ठिगळ लावत होता. बाहेर भर दुपारी रेणुकाईची जत्रा नुसती पेंगत होती. झुंबरबाईच्या पायात चपला नव्हत्या, आणि बोलायला तोंड उघडलं तर धापच बाहेर येत होती.

"खेळ सहाला हाय, बाई," चांदमल मागे न वळताच म्हणाला.

"शेठ, पिक्चरमधी त्यायला कसं काढलं?"

"कोणाला?"

"खाणीतल्या माणसायला! काल तुम्हीच दाखवलं न्हाई का? दरड पडती, सात माणसं आत अडकतेत, पाइपावर ठोकतेत. अन् मंग एकदम गाणंच लागलं. काढलं कसं ते दिसलंच न्हाई."

मग धापा टाकतच तिने बाकीचं सांगितलं. तिचा नवरा कडूबा वस्तीवरच्या नव्या विहिरीत अडकला होता. सकाळी तो तळाशी कपारीत शिरून सुरुंगाची भोकं पाडत असताना वरचा कडा ढासळला आणि कपारीचं तोंड बुजलं. तो जिता होता, आतून पहारीने ठोकत होता. पण वरून एक पाटी मुरूम उपसला की दोन पाट्या खाली येत होता. मदत आणायला भोकरदनला माणूस धाडला होता, त्याचा अजून पत्ता नव्हता.

"रखमाजी मामा म्हणतेत वरूनच उपसू. बाकीचे म्हणतेत नको. निम्म्या गावानं काल पिक्चर बघितलाय, पण तिथं काय केलं ते कोणालाच सांगता येईना. तुम्ही तर रोज बघता."

चांदमल रोज बघत होता हे खरं. गावाने न पाहिलेलं शेवटचं रीळही त्याने पाहिलं होतं. त्यात खाणीतले सातच्या सात जण मरतात. पहिल्या जत्रेत त्याने ते इमानदारीत दाखवलं, तर पब्लिकने दगड मारून पडदा फाडला. तेव्हापासून पाइपावरची ठोकाठोक संपली की तो भलत्याच पिक्चरमधलं लग्नाचं गाणं जोडायचा आणि त्यावर 'समाप्त'ची पाटी. नवरदेव खाणीतल्या हिरोपेक्षा जरा वेगळा दिसायचा, पण त्याने दाढी केली असेल असं म्हणत लोक खुशीत घरी जायचे. तंबूच्या धंद्यात एवढं चालतं. आजवर कुणी विचारायला आलं नव्हतं.

"बाई, त्याचं असं हाय..."

"शेवटी नवरदेव नाचला ना? म्हंजे निघाला व्हता ना जिता?"

तिच्या नखांत मुरूम भरला होता. दोन नखं मुळापासून उलटली होती. चांदमल स्टुलावरून खाली उतरला.

"निघाला," तो म्हणाला. "सगळेच निघाले."

"कसे?"

खोटं बोलणं चांदमलला नवं नव्हतं. पण त्याच्या खोट्याला 'कसं' म्हणून विचारणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. त्याच्या डोळ्यांपुढून ते रीळ सरकलं. त्यात माणसं वरून उपसत राहतात आणि सगळं छत खाली बसतं. ती माणसं कशाने मेली, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"वरून न्हाई," तो म्हणाला. "वरून बिलकुल हात लावला न्हाई त्यांनी. बाजूनं आडवं खांदलं."

ती वळली आणि पळत सुटली. आपण काय बोलून बसलो हे चांदमलला ती गेल्यावर उमगलं. "अहो बाई, थांबा!" असं ओरडत, धोतर सावरत तो तिच्यामागे धावला. पण ती नांगरटीतून केव्हाच पार झाली होती.

तो विहिरीवर पोचला तेव्हा वरचं उपसणं थांबलं होतं. कुणी हुज्जतही घातली नव्हती. विहिरीच्या एका अंगाला खोल नाला होता, सगळी माणसं टिकाव-फावडी घेऊन त्या नाल्यात उतरली होती. "पिक्चरमधी असंच केलं," झुंबरबाई एकेकाला सांगत होती आणि जो तो मान डोलवत होता.

विहिरीतून ठण्ण असा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. सगळे तिसऱ्याची वाट बघत राहिले. तो आला नाही.

"शेठ," म्हातारा रखमाजी पुढे आला. "माझी उमर गेली विहिरी खांदण्यात, पण असं आडवं कधी धरलं न्हाई. एक हात इकडंतिकडं झालं तर कपार त्याच्याच अंगावर यायची. तुम्ही बघून राह्यले रोज. तिथं कुठून धरलं व्हतं?"

चांदमलच्या ओठांवर खरं आलं होतं. ते बोललं की ही माणसं पुन्हा वर जाणार, पुन्हा उपसणार. आणि नाही बोललं तर? त्याने झुंबरबाईकडे पाहिलं. देवीपुढे कौल लावल्यावर बाया बघतात तशी ती त्याच्याकडे बघत होती.

त्याने हात उचलला आणि नाल्याच्या विहिरीकडच्या दरडीकडे बोट केलं. बोट इतकं थरथरत होतं, की रोख कळेना. रखमाजीने ते आपल्या मुठीत धरून स्थिर केलं, त्याच्या सरळ रेषेत डोळा लावून पाहिलं, आणि मग पहिला टिकाव घातला.