कैरीचा रंग

रंगाच्या डब्याचं झाकण टक्क करून उघडलं आणि सकाळपासूनचा सासू-सुनेचा अबोला मोडला.

भागूबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. "कैरी? भिंत रंगवायची हाय का लोणचं घालायचं? काल लिंबू म्हणत होतीस, परवा चिंच. काहून आंबटच सुचून राहिलं तुला?"

"डोळ्याला गार वाटतं, आत्याबाई," करुणा खाली बघत म्हणाली.

सासूबाईंना घर निळंच हवं होतं; अबोला त्यावरूनच होता. पण डबा घेऊन आलेला सरकारी दवाखान्याचा पेंटर म्हणाला, दर्शनी भिंत फुकटात रंगवून देतो, तुमच्या पसंतीच्या रंगात. फक्त तिच्यावर चार शब्द लिहू द्या. फुकट म्हटल्यावर भागूबाई विरघळल्या. "लिही बाबा काय लिहायचं ते. अन् रंग हिच्या मनाचा लाव. व्हऊ दे हिची हौस."

करुणा इतकी हरखली की ते चार शब्द कोणते, हे विचारायचंच राहून गेलं. पेंटरसाठी तिनं दोनदा चहा केला.

संध्याकाळी कैरीच्या रंगात घर नुसतं खुलून दिसत होतं. करुणाची पहिलीतली लेक मित्रा धाकट्या भावाला कडेवर घेऊन भिंतीसमोर उभी राहिली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचू लागली, "दो-न मु-लं, सु-खी घ-र."

"बराबर वाचती गं माझी बाय," भागूबाई कौतुकानं म्हणाल्या.

मित्रानं मात्र आधी स्वतःकडं बोट केलं, मग भावाकडं, आणि आईकडं वळली.

"आई, आमी तर दोघं झालो. मंग तू कोणाला सांगू नको म्हणलीस, ते पोटातलं बाळ कोणाच्या घरी राहीन?"