डोळे आले

शाळेच्या शिपाई मावशी काळा चष्मा लावून घंटा द्यायला आल्या, तशी अख्ख्या शाळेत कुजबुज सुरू झाली. कारकुनाला राहवेना. “मावशी, आज काय नटीचा थाट?” मावशींनी नाइलाजाने चष्मा काढला. डोळे लालबुंद होते. “डोळे आलेत, भाऊसाहेब. रजा संपल्यात. घरी बसले तर पगार कापाल.” “थांबा, नियम काय सांगतो बघू,” म्हणत त्याने कपाटातलं जाडजूड पुस्तक पहिल्यांदाच उघडलं. संसर्गाच्या आजारात कर्मचाऱ्याला वेगळी भरपगारी रजा मिळते, असं तिथे स्वच्छ छापलं होतं. “मावशी, खुशाल घरी जा. पगाराला धक्का लागणार नाही.” मावशी दारापर्यंत जाऊन थबकल्या. “मग गेल्या वर्षी मला कांजिण्या झाल्या, तेव्हा?” तेव्हा त्यानेच त्यांचा पंधरा दिवसांचा पगार कापला होता. त्याने कोरा कागद ओढला आणि मुख्याध्यापकांना लिहिलं, “चूक माझी आहे.”